दोन नाकं

घाण्याच्या खोलीत ‘खवट’ हा शब्द उच्चारायचा नाही, असा त्या घरचा दंडक होता. तेल बिघडलं, पेंड उतरली, पिठाला वास मारायला लागला, की म्हणायचं, “पाहुणा आलाय.” दारात गिऱ्हाईक उभं असताना घरच्यांना आपसांत बोलता यावं म्हणून कुण्या जुन्या माणसाने काढलेली ही युक्ती. पुढे गिऱ्हाईक असो नसो, तोंडाला तेच वळण पडलं. धाकटी लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात हे ऐकून चहाचं आधण ठेवून बसली होती. सासू पोट धरधरून हसली होती.

“अगं बाई, घाण्याच्या उंबऱ्याच्या आत पाहुणा म्हणजे तो. उंबऱ्याबाहेर पाहुणा म्हणजे पाहुणा. एवढं ध्यानात ठेव, म्हणजे चहा वाया जायचा नाही.”

सासूला सगळे मोठी म्हणायचे, म्हणून सून धाकटी. दोघींना नावं होती, पण ती कागदापुरती. मोठीचं नाक चार गल्ल्यांत नावाजलेलं. मूठभर पीठ एका तळहातावर घ्यायचं, दुसऱ्या तळहाताने ते चोळायचं, त्यावर तोंडाने गरम वाफ सोडायची आणि मग तीन आखूड श्वास ओढायचे. सूं, सूं, सूं. तिसऱ्या श्वासानंतर मान हलली की माल चांगला. तिच्यानंतर सासरे वास घेत आणि मान हलवत. दोन नाकं लागल्याशिवाय त्या घरात गोणीचं तोंड शिवलं जात नसे. एका नाकाला सर्दी होते, एका नाकाला लोभ होतो, असं मोठीचं म्हणणं. दोन नाकं एकाच वेळी खोटं बोलत नाहीत, असंही ती म्हणायची. हे मात्र तिचं चुकलं, आणि ते बघायला ती राहिली नाही.

दाण्याचं तेल निघालं की मागे पेंड राहते. ती गुरांना घालायची, हे सगळ्यांना माहीत. मोठीने ती पहिल्यांदा माणसाला घातली, तीही पोटच्या पोराला. पोर जन्माचं किडकिडीत, अंगावर मांस धरेना. “म्हशीच्या अंगावर चढतं ते काय नुसत्या पाण्याने?” असं म्हणून तिने चांगले दाणे निवडून, साल काढून, स्वच्छ घाण्यातून पेंड काढली, दळली, चाळली आणि त्याची पेज पोराला पाजली. ते पोर आता दारातून आडवं होऊन आत येतं आणि टेम्पो चालवतं; तोच धाकटीचा नवरा. पुढे वजनघराच्या बाईने ते ऐकलं. वजनघर म्हणजे दोन खोल्या आणि एक काटा. दर बुधवारी अशक्त पोरांना तिथे तोलतात आणि पेज पाजतात. वजनवाली बाई शिकलेली. ती म्हणाली, “ह्याला प्रथिनं म्हणतात. तेल गेलं तरी ती पेंडीतच राहतात.” मोठी म्हणाली, “तुम्ही काहीही म्हणा, चाळणी बारीक लावा.” तेव्हापासून वजनघराचं पीठ या घरातून जायचं.

त्या पिठात मोठी दर गोणीमागे दोन ओंजळी तीळ घालायची, भाजून, कुटून. त्याला ती ‘राखण’ म्हणायची. दाण्याच्या पिठात थोडं तेल राहतंच, आणि एकटं ठेवलं की हवा त्याला खाते. तीळ हवेला अडवतो. यालाही बाईकडे काहीतरी लांबलचक नाव होतं. ते मोठीने एकदा ऐकलं आणि तिथेच ठेवलं.

यंदा शेंगा काढणीला आल्या आणि आठ दिवस पाऊस लागून राहिला. शेंगा चिखलातून उपटल्या, ओल्याच गाड्यांत भरल्या. घरी आल्या तेव्हा टरफलं काळी पडली होती. त्यातच वजनघराच्या वरचा एक साहेब येऊन गेला. त्याने गोणीत हात घालून पीठ वर काढलं आणि तिळाचे ठिपके बोटाने दाखवले. “हे काय? कचरा दिसतोय. पीठ पांढरं पाहिजे.” मोठीने सांगून पाहिलं. साहेब ऐकत होता, म्हणजे घड्याळ बघत होता. टेम्पोवाला म्हणाला, “जाऊ दे आई. त्यांना पांढरं पाहिजे, आपण पांढरं देऊ.” पहिल्या सहा गोण्या राखणीशिवाय शिवल्या गेल्या, आणि त्याच आठवड्यात घरात ताप शिरला.

टेम्पोवाला माल घेऊन लांब गेला होता, तो वाचला. बाकी तिघं आडवे. तापाने मोठीचा श्वास नेला.

धाकटी उठली तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं ते असं, की साबणाला वास नाही. मग कांदा चिरला, डोळ्यांना पाणी आलं, पण वास नाही. घासलेट हुंगलं, नाही. तिला वाटलं, येईल हळूहळू. आणि नेमकं मोठीला पोचवून आलेल्या बायका तिच्याभोवती बसून म्हणत होत्या, “नाक तुझ्याकडे ठेवून गेली गं. नऊ वर्षं शिकवलं तिने तुला. आता तूच मोठी.” सासरे भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे “मला वास येत नाही” हे चार शब्द तिच्या तोंडातून निघाले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी निघाले नाहीत. आणि मग ते काढायची वेळच निघून गेली.

*

दोन महिने असेच गेले. रविवारी दाणे निवडायचे, सोमवारी घाणा, मंगळवारी दळण-चाळण, बुधवारी वजनघर.

त्या रविवारी ती सूप घेऊन बसली. ओल्या हंगामातले दाणे वरून बरे दिसतात, पण बोटाखाली दबतात. दबला की बाजूला, सुरकुतला की बाजूला, डाग दिसला की बाजूला. दुपारपर्यंत बोटांची टोकं बधिर झाली. बाजूला काढलेल्यांचा ढीग चांगल्यांच्या ढिगाएवढा झाला. सासरे आले, दोन्ही ढिगांकडे बघून उभे राहिले.

“एवढे?”

“डोळ्यांना दिसतात तेवढे काढले, मामंजी.”

“उरलेले बघ मग. नाकाने.”

“बघितले.”

सासरे गेले. खोटं बोलताना तिला पूर्वी घाम यायचा. आता येत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

सोमवारी मोटर लावली. लाकडी घाणा कुरकुरत फिरायला लागला. सासरे दाणा सोडत होते, ती कडेची पेंड उलथन्याने आत लोटत होती. तेलाची पहिली धार पडली की पूर्वी सगळी खोली गोड वासाने भरायची, पोट भरलेलं असलं तरी भूक लागायची. आता धार पडताना नुसती दिसली. काचेपलीकडून बघावं तसं. पेंड गरम गरम ताटात काढताना तिचे तळवे भाजले. तेवढंच काय ते तिला त्या पेंडीबद्दल खात्रीने कळलं.

मंगळवारी पीठ चाळून झालं. गोण्यांची तोंडं उघडी ठेवून दोघं समोरासमोर बसले. तिने मूठ भरली, तळहातावर चोळली, वाफ सोडली, तीन श्वास ओढले. काही नाही. कापूस हुंगावा तसं. तिने मान हलवली. सासऱ्यांनी मूठ भरली. त्यांचा चेहरा ती रोखून बघत राहिली. तिचा सगळा भरवसा त्या चेहऱ्यावर होता. आपलं नाक गेलं तर गेलं, दुसरं नाक आहे ना. बिघडलं असतं तर यांनी सांगितलं असतं.

सासऱ्यांनी मान हलवली. तिने दाभणात सुतळी ओवली.

एवढंच असतं तर ती निभावून नेती. पण आवाज होता.

पहाटे ती मधलं घर झाडायला लागली की भिंतीपलीकडून, घाण्याच्या खोलीतून यायचा. सूं, सूं, सूं. मग थोडं थांबून पुन्हा. पहिल्यांदा आला तेव्हा केरसुणी हातातून पडली. तो आवाज ओळखण्यात तिचं चुकणं शक्य नव्हतं. नऊ वर्षं तो ऐकत ती शिकली होती. धीर करून गेली तर खोलीत कुणी नाही. मागचं दार नुसतं लोटलेलं. सासरे मागे हौदावर तोंड धूत होते. नवऱ्याला सांगायचा विचार केला, पण तो हल्ली बाहेर पडवीत अंथरूण टाकायचा. “आत उकडतं,” म्हणायचा. पावसाळी हवेत त्याला कसलं उकडत होतं कोण जाणे. आई गेल्याचं दुःख असेल, म्हणून तिने विचारलं नाही.

मग ती आवाजाशी बोलायला लागली. भिंतीला कपाळ टेकून हलक्या आवाजात म्हणायची, “आत्याबाई, मला नाही येत हो वास. तुम्हाला कळलंय, म्हणून तुम्ही येता ना? पण मामंजी आहेत. ते बघतात.” भिंतीपलीकडे शांत व्हायचं. तिला रडू यायचं आणि थोडं बरंही वाटायचं.

*

बुधवारी टेम्पोने गोण्या वजनघरात उतरवल्या. काटा दाराशीच. पोरं रांगेने त्यावर चढत, वजनवाली बाई आकडा बघून वहीत लिही आणि पुढच्या खोलीत पाठवी. तिथे चटया अंथरलेल्या, पेजेच्या वाट्या मांडलेल्या.

“धाकटे, जरा इकडे ये,” बाई म्हणाली. तिने वही पुढे केली. “हे बघ. तीन आठवडे झाले, निम्मी पोरं जिथल्या तिथे. दोन तर खाली आलीत. वाट्या अर्ध्या परत येतात. पाण्यात काही दोष असेल का? मी विहीर बदलून बघितली.”

“ओली हवा आहे. भूक मरते पोरांची.”

“असेल,” बाई म्हणाली. तिला अजून काही बोलायचं होतं, पण तिने वही मिटली.

पुढच्या खोलीत चिमणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती शिवणवालीची मुलगी, पाच वर्षांची, पण अंगाने तीन वर्षांची. हाताची बोटं एवढी बारीक, की वाटी धरली की वाटीच मोठी दिसे. तिची पेज तशीच होती, वर साय धरलेली.

धाकटी तिच्यापुढे मांडी घालून बसली. “का गं, खायचं नाही?”

चिमणीने मान हलवली.

“का?”

“काकू, वास येतो.”

आजूबाजूला चार आया बसल्या होत्या आणि त्या बघत होत्या. “कसला वास?” ती जरा मोठ्यानेच म्हणाली. “आमच्या घरच्या पिठाला वास? दोन नाकं लावून शिवलेली गोणी आहे ती. खोटं बोलू नये. आ कर.”

चिमणीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग आ केला. धाकटीने चमचा आत घातला. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, गळा वरखाली झाला, आणि तिने गिळलं. दुसरा चमचा. तिसरा. वाटी संपेपर्यंत धाकटी उठली नाही.

“बघा, खाल्लं की,” ती आयांकडे बघून म्हणाली. “नुसती थेरं असतात.”

आया हसल्या. चिमणी हसली नाही. ती तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा, हाताच्या मागच्या बाजूने.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने चाळणीत उरलेला चाळ आणि खाली सांडलेलं पीठ एका पाटीत गोळा केलं आणि म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने तोंड खाली घातलं, नाकपुड्या फुगवल्या, आणि तोंड काढून घेतलं. धाकटीने पाटी पुढे सरकवली. म्हैस दावं ताणून मागे गेली. पाटीला तिने पुन्हा तोंड लावलं नाही. कोरडा कडबा मात्र मुकाट्याने खात राहिली.

धाकटी गोठ्यात तशीच उभी राहिली. म्हैस जे तोंडात घेईना, ते तिने काल एका पोरीला चमच्याने भरवलं होतं. वर तिला खोटं बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

त्याच वेळी भिंतीपलीकडून आवाज आला. सूं, सूं, सूं.

आज ती भिंतीशी बोलली नाही. गोठ्यातूनच, अनवाणी, मागच्या दाराने ती घाण्याच्या खोलीत शिरली.

सासरे उघड्या गोणीपुढे उकिडवे बसले होते, पाठ तिच्याकडे. तळहातावर पीठ. ते चोळलं, वाफ सोडली, तीन श्वास ओढले. मान खाली घालून थोडं थांबले. मग पीठ झटकलं, नवीन मूठ घेतली आणि पुन्हा तेच.

“मामंजी.”

त्यांचा हात थांबला. बोटांमधून पीठ खाली गळत राहिलं.

“रोज पहाटे तुम्ही असता?”

“असतो.”

“मला वाटलं…”

“ती असं करायची,” सासरे वळून न बघता म्हणाले. “म्हटलं, तिच्यासारखं केलं तर येईल.”

“काय येईल?”

सासऱ्यांनी हातात उरलेलं पीठ गोणीत टाकलं. मग म्हणाले, “वास. तापापासून नाही येत. तेलाचा नाही, लाकडाचा नाही. तिचं पांघरूण ठेवलंय पेटीत, त्याचा पण नाही.”

धाकटी होती तिथे खाली बसली. “मग मान का हलवायचात?”

“तू हलवायचीस म्हणून. तिने तुला तयार केलेलं. म्हटलं, सुनेचं नाक आहे, आपलं म्हाताऱ्याचं गेलं तर काय झालं.” आता ते वळले. तिचा चेहरा बघितला आणि त्यांचा आवाज बारीक झाला. “काय गं?”

“मी तुमच्याकडे बघून शिवत होते मामंजी. मला पण नाही येत. त्याच तापापासून.”

खोलीत मधे घाणा उभा होता, कडेला गोण्या. दोन माणसं जमिनीवर बसली होती. सासऱ्यांनी तळहात गुडघ्याला पुसले. एकदा पुसले, पुन्हा पुसले.

“आत्याबाई गेल्या त्या दुपारी,” धाकटी हळूच म्हणाली, “त्या सहा गोण्या कुठे होत्या?”

“इथे गळत होतं. मी मधल्या घरात ओढून ठेवल्या. तिच्या खाटेच्या उशाशी.”

धाकटीने डोळे मिटले. त्या दुपारी ती स्वतः तापाने फणफणलेली, खाटेच्या पायथ्याशी पडली होती. मोठीने तिचा हात शोधून धरला होता आणि म्हटलं होतं, “पाहुणा आलाय.” एकदा नाही, तीनदा. धाकटीने दाराकडे पाहिलं, तिथे कुणी नव्हतं. उंबऱ्याबाहेर पाहुणा म्हणजे पाहुणा. मग तिला वाटलं, सासूला नेणारा कुणी दिसतोय. ती उठली, भिंत धरत गेली, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि रिकाम्या दारात ठेवला. मोठीने त्या तांब्याकडे पाहिलं. धाकटीला ती नजर आजवर शांत झालेल्या माणसाची वाटत होती. शेजारणींनाही तिने तसंच सांगितलं होतं, की आत्याबाईंना आधी कळलं होतं, आणि शेजारणींनी डोळे पुसले होते.

मोठीचं नाक शेवटपर्यंत शाबूत होतं. तिने सांगितलं होतं, तिच्याजवळ श्वास होता तेवढा सगळा खर्चून सांगितलं होतं. आणि सुनेने दारात पाणी ठेवलं.

“खवट आहे,” धाकटी म्हणाली. घाण्याच्या खोलीत, मोठ्याने. “सगळं खवट आहे मामंजी. दोन महिन्यांचं.”

सासऱ्यांनी तिला अडवलं नाही.

*

टेम्पोवाल्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मग त्याने हातातला चहा खाली ठेवला.

“दोघं मिळून? एकमेकांकडे बघून माना हलवत होतात?”

“पण तुम्ही तर होतात,” धाकटी म्हणाली. “तुमचं नाक शाबूत आहे.”

“येत होता मला,” तो म्हणाला. “घराला वास येतो. बाहेर का झोपत होतो मग? मला वाटलं आईच्या आजारपणाचा असेल, भिंतींत मुरलेला. तो कसा बोलून दाखवणार? आणि पिठाचं म्हणशील, तर पीठ मी कधी हुंगलंय? ते तुमचं काम. तीळ सोडायचं मीच म्हटलं होतं.” मग तो उठला आणि कुणी न सांगता टेम्पोचं फाळकं उघडलं.

तिघं वजनघरात गेले. वार बुधवार नव्हता, पण बाई होती आणि तिने आयांना बोलावून घेतलं. धाकटीने सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं. नाक गेलं, सांगितलं नाही, राखण घातली नाही, पीठ बिघडलं. सांगताना तिने काट्याच्या लोखंडी पाटाकडे बघितलं, माणसांकडे नाही. सासरे शेजारी उभे होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “मी पण.”

“मलाही यायचा,” वजनवाली बाई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “वाटलं, त्या घरचं पीठ आहे, दोन नाकांचं. माझीच चूक असेल. मी पाण्याला दोष देत बसले.”

शिवणवाली मागे उभी होती. “माझ्या पोरीला मी मारलं,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “घरी नेलेल्या पिठाची पेज केली, तिने थुंकली, म्हणून मारलं. धाकटीच्या घरचं आहे, खोटं बोलतेस म्हणून.” आणि ती निघून गेली. कुणी शिवी दिली असती तर धाकटीला सोसली असती.

राहिलेल्या गोण्या मागच्या खड्ड्यात ओतल्या. पांढरंशुभ्र पीठ होतं, साहेबाला आवडलं असतं. बाईने साहेबाला निरोप धाडला, की पांढरंच हवं असेल तर चुना पाठवा, पोरांना पीठ ठिपक्यांचंच मिळेल.

त्यानंतर सहा दिवस घरात कामच काम. खोली खरवडून धुतली. घाण्याचं लाकूड गरम पाण्याने, राखेने घासलं. चाळणीचं कापड जाळलं. टेम्पोवाल्याने लांबच्या कोरड्या भागातून दाणे आणले, हुंगून आणले. तीळ भाजताना धाकटीला वास येत नव्हता, म्हणून ती त्यांच्या तडतडण्यावर कान ठेवून बसली. पीठ झाल्यावर टेम्पोवाल्याला बोलावलं. त्याने मूठ घेतली, आईसारखं चोळायला गेला आणि अर्धी जमिनीवर सांडली. “चांगलं आहे,” तो म्हणाला. “मला तरी चांगलं वाटतंय.” सासरे म्हणाले, “हे एक झालं.”

दुसरं नाक घरात नव्हतं.

*

बुधवारी आया आल्या, पण पोरांना मांडीवर धरून बसल्या. वाट्या भरलेल्या, कुणी पुढे होईना. शिवणवाली दारातच उभी राहिली. चिमणी तिच्या पायाला चिकटून.

धाकटी उघडी गोणी घेऊन जमिनीवर बसली. तिने मूठभर पीठ तळहातावर घेतलं, ठिपक्याठिपक्यांचं, दुसऱ्या हाताने चोळलं, त्यावर वाफ सोडली. मग स्वतः हुंगलं नाही. हात तसाच पुढे केला.

“चिमणे, इकडे येतेस? तू सांग. तू सांगशील तसं. वाईट असेल तर गोणी परत नेते.”

शिवणवालीने मुलीकडे पाहिलं आणि पाय सोडवून घेतला. चिमणी दोन पावलं पुढे आली. तिने हाताकडे पाहिलं नाही. धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घाईने मान हलवली.

“चांगलं आहे,” ती म्हणाली.

तिने वास घेतलाच नव्हता. ती मान धाकटीने ओळखली. दोन महिने दर मंगळवारी तिने ती स्वतः हलवली होती. पोरीला ती तिनेच शिकवली होती, एक वाटीभर.

“नाही गं,” धाकटी म्हणाली. “मला खरंच कळत नाही. माझं नाक गेलंय. तू मागच्या बुधवारी खरं बोलली होतीस आणि मी खोटं. मी रागावणार नाही. मी बसते इथे.”

ती बसून राहिली. हाताला रग लागली तरी तिने तो खाली घेतला नाही. काट्याचा काटा मोकळाच शून्यावर हलत होता.

मग चिमणी पुढे वाकली. बारीकसं नाक पिठाजवळ आणलं. एक श्वास ओढला. थांबली. दुसरा ओढला. तिसरा श्वास चिमणीने पिठाचा घेतला नाही. तिने नाक थोडं बाजूला नेलं, मनगटाकडे, बाहीकडे, आणि तिथे हुंगलं.

“पिठाला नाही येत,” चिमणी म्हणाली. मग पुन्हा एकदा धाकटीच्या तोंडाकडे बघून, भीत भीत, पण स्पष्ट म्हणाली, “काकू, तुमच्या अंगाला येतो.”